नडीचा पैसा

रुपया ‘बंदा’ असतो आणि कधी ना कधी तो ‘मोडावा’ लागतो, हे मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखून ठेवले आहे. बंदा रुपया पेटीत राहतो. मोडलेला रुपया हातोहात जातो. मोड, सुटे, चिल्लर, खुर्दा ही सारी नावे आहेत ती या हातोहात फिरणाऱ्या पैशाची. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सोन्याचांदीची, हुंडणावळीची आणि बँकदराची चर्चा पानोपानी आढळते. खुर्द्याची मात्र क्वचितच. तथापि दिवसभर राबून सायंकाळी मीठमिरची घेऊन ज्याला घरी जावयाचे असते, त्याच्या दृष्टीने पैसा म्हणजे खुर्दाच होय. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई घ्या, किंवा हजारामागे ठरलेल्या दराने विड्या वळणारी घ्या. तिच्या हाती पडणारी रक्कम लहान, आणि ती ज्या ज्या ठिकाणी वाटून द्यावयाची ती देणी त्याहूनही लहान. तिला ‘मोड नाही, उद्या ये’ असे सांगणे म्हणजे तिची चूल एक दिवस लांबणीवर टाकणे.

ही मोड एकाएकी बाजारातून नाहीशी झाली तर काय होते, हा या भाषणाचा अर्धा विषय आहे. मोड तर राहोच, पण बंद्या नोटेतलेच मोल निघून गेले तर काय होते, हा उरलेला अर्धा. दोन्ही प्रसंगी माणसे एकच उपाय करतात. आपापल्या गावापुरता, आपापल्या सहीशिक्क्याचा कागदी पैसा ती छापतात. उपाय एक दिसला तरी रोग दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

गावापुरता पैसा म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला समजणे कठीण नाही. कोल्हापूरकडून येणारा महामार्ग कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडतो आणि कर्नाटकात शिरतो, तेथे कोगनोळी हे गाव आहे. गावच्या माणसाचे पाय कामाला एकीकडे कागल-कोल्हापूरकडे वळतात, तर दुसरीकडे निपाणीकडे. राज्ये दोन आणि भाषा दोन, पण खिशातली नोट एकच. तिच्या पाठीवरच्या पट्टीत कानडीही आहे आणि मराठीही. आता घटकाभर अशी कल्पना करावी की सरकारी नोटा येईनाशा झाल्या आणि कोगनोळीच्या पंचायतीने शाळेच्या वहीच्या कागदावर आपल्या सहीशिक्क्याच्या नोटा काढल्या. गावातला वाणी त्या घेईल, कारण सही करणारा त्याच्या नित्याच्या बैठकीतला. निपाणीचा अडत्या घेईल, पण शेकड्यामागे काही बट्टा कापून. आणि दूधगंगेपलीकडचा कागलचा दुकानदार ती उलटसुलट करून विचारील, “ही कुठली चिठ्ठी म्हणायची, अण्णा?” पैशाची किंमत नदीच्या पुलावर बदलेल.

ही कल्पना हास्यास्पद वाटते खरी. परंतु १९१४ ते १९२३ या दहा वर्षांत जर्मनीतील हजारो शहरांनी, तालुक्यांनी, कारखान्यांनी आणि बँकांनी नेमके हेच केले. त्या पैशाला जर्मन भाषेत ‘नोटगेल्ड’ असे नाव पडले. आपल्याला त्यात इंग्रजी ‘नोट’ ऐकू येते. परंतु जर्मनमध्ये ‘नोट’ या शब्दाचा अर्थ निकड, अडचण, नड असा आहे. नोटगेल्ड म्हणजे नडीचा पैसा.

त्याची सुरुवात साधी होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे जर्मन सरकारने थांबविले आणि लोकांनी, जगातले लोक अशा वेळी जे करतात तेच केले. त्यांच्याजवळ जे धातूचे होते ते त्यांनी दडविले. सोने तर गेलेच, पण चांदीची लहान नाणीही गेली. पुढे युद्धाला तांबे आणि निकेल हवे झाले, तेव्हा उरलीसुरली चिल्लर सरकारनेच गोळा केली. ट्रामचे तिकीट कशाने काढावयाचे आणि पाव कशाने घ्यावयाचा? तेव्हा नगरपालिकांनी लोखंडाची आणि जस्ताची नाणी पाडली, आणि पन्नास फेनिगच्या, पंचवीस फेनिगच्या लहान नोटा छापल्या. शंभर फेनिगचा एक मार्क. म्हणजे या नोटा आपल्याकडील आठ आणे, चार आणे यांच्या जागी होत्या. ज्या मार्काची ही मोड होती तो अद्याप पुष्कळसा शाबूत होता. गावाची नोट म्हणजे शाबूत रुपयाचा गावाने पाडलेला तुकडा. ही पहिल्या रोगाची गोष्ट झाली, आणि हा रोग जीवघेणा नसतो.

या पहिल्या रोगाची साथ आपल्याकडेही आली होती. ती मात्र जर्मनीपेक्षा निराळ्या वाटेने आली. आपल्याकडे रुपया हाच चांदीचा होता. युद्धात चांदीचा भाव चढत गेला. औंसाला सुमारे ४३ पेन्सपर्यंत भाव असला तर रुपयातल्या चांदीची किंमत आणि रुपयाची किंमत यांचा मेळ बसे. १९१७ च्या सप्टेंबरात भाव ५५ पेन्सपर्यंत गेला. म्हणजे रुपया खर्च करण्यापेक्षा तो मुशीत घालून वितळविणे फायद्याचे झाले. सरकारने नाणी वितळविण्यावर बंदी घातली. परंतु बंदीने मुशी थंड होत नाहीत. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी हिंदुस्थान सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि लगोलग १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची. एक रुपयाच्या नोटा पंचवीस-पंचवीसांच्या पुस्तकात बांधलेल्या येत, आणि पावती फाडावी तशी नोट फाडून द्यावयाची. चांदीच्या रुपयाचा आवाज ऐकून त्याची परीक्षा करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती हा फडफडणारा रुपया पडला. खणखणीत नाणे हा ज्या भाषेत खरेपणाचा पर्याय आहे, तेथे कागदाला मान मिळावयाला वेळ लागणारच. आतल्या भागांत नोटा बट्ट्याने चालू लागल्या, आणि नोट मोडून रुपये मागण्यासाठी मुंबईच्या करन्सी ऑफिसावर १९१८ मध्ये गर्दी लोटली.

ती वेळ निभावली ती अमेरिकेच्या चांदीने. १९१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पिटमन कायदा मंजूर केला. तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकण्यात आली. सहा हजार टनांहून अधिक चांदी समुद्र ओलांडून आली ती केवळ मराठी, गुजराती आणि मद्रासी शेतकऱ्याला कागद पटत नव्हता म्हणून! अडाणीपणाचा शिक्का मारून हा प्रसंग हसण्यावारी नेणारे लेखक इंग्रजीत पुष्कळ आहेत. पाच वर्षांनी बर्लिनमध्ये काय झाले हे पाहिल्यानंतर त्या शेतकऱ्याला हसणे जड जावे.

शेजारच्या राज्यांतही त्याच सुमारास तोच उपाय झाला. गोव्यात पोर्तुगीजांच्या बँको नासिओनाल उल्त्रामारिनोने १ ऑक्टोबर १९१७ या तारखेच्या चार टंग, आठ टंग, एक रुपया आणि अडीच रुपये अशा लहान लहान नोटा काढल्या. सोळा टंगांचा एक रुपया. हैदराबादच्या निजामाने १९१८ मध्ये कागदी चलनाचा कायदा केला. प्रथम मोठ्या नोटा काढल्या आणि १९१९ मध्ये एक रुपयाची. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे त्या नोटेवर उर्दू, तेलुगू आणि कानडीबरोबर मराठीही छापलेली असे. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना जातींचे रुपये या मुलखात चालत आणि एकाचे दुसरे करून देताना सराफ बट्टा घेई. ती आठवण जुन्या माणसांत तोवर पुरती पुसली नव्हती. गावोगावचा वेगवेगळा पैसा आपल्याला नवा नव्हता. नवा होता तो कागद.

आता पुन्हा जर्मनीकडे वळावयाचे, कारण तेथे यानंतर एक गमतीचा अंक आहे आणि त्यामागून फार दुःखाचा.

युद्ध १९१८ मध्ये संपले, परंतु चिल्लर परत आली नाही, म्हणून गावांच्या नोटा चालूच राहिल्या. लवकरच नगरपालिकांच्या ध्यानात आले की या चिमुकल्या नोटा लोक हौसेने जमवितात. मग काय विचारता! प्रत्येक गावाने आपला चर्च, आपला किल्ला, आपली दंतकथा नोटेवर आणली. उंदरांमागून मुलांनाही घेऊन जाणाऱ्या पुंगीवाल्याची गोष्ट आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. तो पुंगीवाला ज्या हामेल्नचा, त्या हामेल्न गावाने त्याची चित्रे आपल्या नोटांवर छापली. बीलेफेल्ड हे तागाच्या व रेशमी कापडाचे शहर. तेथील नगरपालिकेच्या बचत बँकेने चक्क रेशमावर आणि तागाच्या कापडावर नोटा काढल्या. ओस्टरवीकने चामड्यावर काढल्या. माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यात चिनी मातीची नाणी भाजून निघाली. जमविणाऱ्याच्या वहीत गेलेली नोट पैसे मागावयास परत येत नाही, म्हणजे तेवढा नगरपालिकेचा नफा. मुदत संपल्यावर छापलेल्या, कधीही चलनात न आलेल्या नोटाही विकल्या गेल्या. नडीचा पैसा हा नड नसलेल्यांचा धंदा झाला. १९२२ मध्ये सरकारने या प्रकाराला बंदी केली.

बंदीची शाई वाळते न वाळते तोच खरी नड उभी राहिली. युद्धाचा खर्च करांनी न भागविता कर्जांनी भागविलेला. त्यावर जेत्यांना द्यावयाच्या खंडणीचा बोजा. तूट भरून काढावयास छापखाना. या मार्गाने मार्क आधीच पुष्कळ खाली आला होता. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. १९२३ च्या जानेवारीत सुमारे अठरा हजार पडू लागले. त्याच महिन्याच्या ११ तारखेला खंडणी थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियम यांच्या फौजा रूर या कोळशाच्या व पोलादाच्या प्रदेशात शिरल्या. जर्मन सरकारने तेथील कामगारांना असहकार करावयास सांगितले. लक्षावधी माणसांनी हत्यार खाली ठेवले, आणि काम न करणाऱ्या या माणसांचे पगार सरकार देऊ लागले. ते कशातून? नोटा छापून. असहकार हा शब्द आपल्या कानाला प्रिय आहे. तीन वर्षांपूर्वीच तो आपल्याकडे घरोघर पोहोचला होता. परंतु रूरचा असहकार पगारी होता, आणि तो पगार साऱ्या देशाच्या पैशातले मोल काढून दिला जात होता, हा फरक लहान नाही.

त्यानंतरचे आकडे वाचून दाखविणे हे कोणत्याही वक्त्याला कठीण जावे. डॉलरचा भाव ऑगस्टात सुमारे ४६ लाख मार्क. ऑक्टोबरात सरासरीने अडीच हजार कोटी. २० नोव्हेंबर १९२३ रोजी चार लाख वीस हजार कोटी. बर्लिनमध्ये जो पाव जानेवारीत सुमारे २५० मार्कांना होता तो नोव्हेंबरात वीस हजार कोटींना गेला. राईश बँकेसाठी १३३ छापखाने आणि ३० कागद-गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या. नवी नोट काढावयाला वेळ नसे, म्हणून हजार मार्कांच्या जुन्या नोटेवर तांबड्या शाईने शंभर कोटींचा शिक्का मारून तीच पुन्हा बाहेर पाठवीत. नोटांची एक बाजू कोरी राही. पगार दिवसातून दोनदा होऊ लागले. नवऱ्याच्या हातून नोटांचा गठ्ठा घेऊन बायको धावतच दुकान गाठी, कारण दुपारचा भाव सकाळी नव्हता आणि सायंकाळी राहणार नव्हता.

आणि एवढे छापूनही नोटा पुरत नव्हत्या! येथेच या विषयाचा गाभा आहे. महागाई म्हणजे पैसा उदंड होणे, असे आपण ऐकतो. मग टंचाई कसली? परंतु भाव छापखान्याच्या पुढे धावत होते. कालचा डबाभर पैसा आज पावाच्या एका तुकड्याचा, तेव्हा बर्लिनहून निघालेली पेटी गावी पोहोचेपर्यंत तिच्यातून पगार भागत नसे. रूरमध्ये तर ती पोहोचेलच याची शाश्वती नव्हती, कारण फ्रेंच फौजा बँकेच्या रकमा वाटेतच ताब्यात घेत. अशा एखाद्या शहराच्या नगराध्यक्षाच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहावे. शुक्रवार आहे. गिरण्यांचे भोंगे वाजले आहेत. हजारो कामगार दाराशी उभे आहेत, आणि बँक म्हणते, रोकड नाही. नोटा छापाव्यात, तर आपण त्याच आगीत लाकूड घालीत आहोत हे दिसत आहे. न छापाव्यात, तर उद्या पावाची दुकाने फुटतील. त्याने छापल्या. सगळ्यांनीच छापल्या. शहरांनी, जिल्ह्यांनी, व्यापारी मंडळांनी, रसायनांच्या व पोलादाच्या कारखान्यांनी छापल्या, आणि सरकारी रेल्वेने तर कोणाहीपेक्षा कमी छापल्या नाहीत. ट्युरिंगियाच्या राज्य बँकेच्या लाखांच्या व कोटींच्या नोटांचा आराखडा वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेतील हर्बर्ट बायर या तरुणाने १९२३ च्या ऑगस्टात घाईघाईने करून दिला. नुसती ठळक अक्षरे आणि रंगाचे पट्टे, चित्र नाही, दंतकथा नाही. हामेल्नच्या पुंगीवाल्याचे दिवस संपले होते.

त्या नगराध्यक्षाला दोष देणे सोपे आहे आणि ते पुरते न्याय्य नाही. तथापि त्याला आणि विशेषतः कारखानदाराला निर्दोष ठरविणेही बरोबर होणार नाही. ज्याने नोट काढली त्याने ती वटवावयाची असते. आज काढलेली कोटींची नोट महिन्याने वटवावयास आली तर तोवर तिची किंमत काडीपेटीइतकीही राहत नसे. म्हणजे कामगाराने आठवडाभर गाळलेला घाम आणि त्याबदल्यात दिलेला कागद यांतला फरक नोट काढणाऱ्याच्या घरात राहिला. बाजारात हिंडणाऱ्याला हे समजत होते. म्हणून शेजारच्या शहराची नोट पाहिली की दुकानदार मान हलवी. दूधगंगेच्या पुलाची ती कल्पना येथे रोज खरी होत होती. फक्त बट्टा शेकड्यामागे नव्हता, तासामागे होता.

यातून काही गावांनी जो मार्ग काढला तो आपल्याकडील शेतकऱ्याला चटकन पटेल. मार्कावर विश्वास नाही ना? मग नोटेवर मार्क लिहूच नका, धान्य लिहा. ओल्डेनबुर्ग राज्याने १९२२ च्या अखेरीसच राय या धान्यात मोजलेली कर्जपत्रे काढली. इतका राय घेणे आहे, मुदत आली की त्या दिवसाच्या भावाने रक्कम मिळेल. कोणी लाकडात मोजले, कोणी कोळशात, कोणी विजेच्या युनिटात. आपल्याकडे सुगीची मजुरी जोंधळ्याच्या पायलीने देण्याची चाल होती. ती मागासलेपणाची खूण म्हणून पुस्तकांत सांगितली जाते. विसाव्या शतकात, विज्ञानात अग्रेसर असलेला देश फिरून पायलीवर आला. नोटेचे मोल लोकांना धान्यात कळत होते, आणि बर्लिनच्या सहीत कळत नव्हते.

शेवटी सरकारनेही तेच सूत्र उचलले. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘रेंटेनमार्क’ हे नवे चलन निघाले. त्याला देशातील शेतजमिनीचे व कारखान्यांचे तारण दाखविलेले होते. ते तारण कोणी जाऊन मागू शकत नव्हते हे खरे. खरा आधार होता तो एकाच गोष्टीचा, की ठरलेल्या आकड्यापलीकडे ते छापावयाचे नाही. एका रेंटेनमार्काला जुने एक लाख कोटी मार्क. चलन-आयुक्त म्हणून नेमलेल्या याल्मार शाख्त याने ताबडतोब दुसरे पाऊल टाकले. २२ नोव्हेंबरपासून राईश बँक गावोगावचा नडीचा पैसा स्वीकारणार नाही, असे जाहीर झाले. ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत हाहाकार उडाला, कारण तो पैसा बँकेत भरून त्याबदल्यात बँकेच्या नोटा मिळविण्यावर त्यांचा गाडा चालत होता. २५ तारखेला कोलोन येथे शहरांच्या प्रतिनिधींनी आणि व्यापाऱ्यांनी शाख्तला धारेवर धरले. तो बधला नाही. औषध कडू होते. त्या हिवाळ्यात पुष्कळ घरांनी ते उपाशीपोटी घेतले. परंतु रोग हटला. राईश बँकेची सर्वांत मोठी नोट त्यानंतरची आहे. तिच्यावर १५ फेब्रुवारी १९२४ ही तारीख आहे, आणि तिचा आकडा आपल्या मोजणीत सांगावयाचा तर एक कोटी कोटी मार्क. त्या वेळी तिचे शंभर रेंटेनमार्क येत.

या साऱ्यात बुडाले कोण? सीमाभागातला कर्जबाजारी शेतकरी येथे मनातून म्हणेल, यात वाईट ते काय झाले, कर्जे तर फिटली! आणि ती खरोखरीच फिटली. जमीन गहाण टाकलेल्या जर्मन शेतकऱ्याने अंडी विकून गहाणखत सोडविले. सरकारचे युद्धकर्ज जवळजवळ पुसले गेले. परंतु देणेकऱ्यासमोर नेहमी पोट सुटलेला सावकारच बसलेला असतो असे नाही. निवृत्त शिक्षक, नवऱ्याच्या विम्यावर जगणारी विधवा, मुलीच्या लग्नासाठी बचत बँकेत दर महिन्याला थोडेथोडे टाकणारा कारकून, हेही सावकारच होते. त्यांनी सरकारला आणि गहाणदाराला पैसे दिले होते, ते बँकेच्या मार्फत. कामगाराचा निदान पुढच्या आठवड्याचा पगार तरी नव्या चलनात आला. या माणसांचा पुढचा आठवडा पन्नास वर्षांमागे कमावलेला होता. १९२५ मध्ये कायदा करून गहाणखतांची मूळ किंमत शेकडा पंचवीस या मानाने परत ठरविली गेली. सरकारी कर्जरोख्यांना त्याहून पुष्कळच कमी मिळाले. या माणसांनी नोटा स्वीकारण्यास नकार दिला नव्हता, आणि त्यांना तसा नकार देण्याची सोयही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे नड पुन्हा आली. यावेळीही ती मोडीचीच होती. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि चांदीचे रुपये लोकांनी घराघरांत पुरले. गरजेपेक्षा अधिक नाणी जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविण्यात आला, आणि त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट, जी १९२६ पासून बंद होती, ती पुन्हा निघाली. रुपयातली चांदी अकरा-बारांशांवरून निम्म्यावर आणली गेली. जुने व्हिक्टोरिया राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढून घेतले. १९४२-४३ मध्ये तांब्याचा पैसाही मिळेना. तेव्हा १९४३ मध्ये निघाला तो ‘भोकाचा पैसा’. मध्ये गोल भोक पाडून आणि वजन निम्म्याहून कमी करून वाचविलेले तांबे युद्धाकडे गेले, आणि मुलांना तो करगोट्यात ओवावयास सोयीचा झाला. तोही पुरेसा नव्हता. तेव्हा काठेवाड आणि राजपुताना यांतील संस्थानांनी, म्हणजे मोरवी, जुनागड, नवानगर, बिकानेर, बुंदी अशांनी, आणे-पैशांची कुपने छापली. ते लहानसे पुठ्ठ्याचे तुकडे हेच आपल्या देशातले खरे नोटगेल्ड म्हणता येईल. मोरवीचे कुपन मोरवीच्या वेशीबाहेर चालत नव्हते. पण त्याच्यामागचा रुपया, महाग झालेला का होईना, शाबूत होता. मोड परत आली तशी कुपने गेली आणि कोणाचे घर बसले नाही.

त्यानंतरही मोड अनेकदा रुसली. सुट्ट्या रुपयाऐवजी वाण्याने हातावर ठेवलेली गोळी या पिढीलाही आठवते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशातील चलनापैकी मोलाने शेकडा शहाऐंशी भाग एका रात्रीत थांबला. खेड्यांतले कित्येक व्यवहार त्यानंतरचे काही आठवडे वाण्याच्या वहीवर आणि शब्दावर चालले. कोगनोळीच्या टोलनाक्यावर सुट्ट्यांवरून होणारी हुज्जत मात्र २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर मावळली. तेथे आता मोड लागतच नाही.

१९१७ च्या त्या नडीच्या नोटेचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तिच्यावर, मागणी करताच एक रुपया देण्याचे वचन छापलेले होते. तो रुपया चांदीचा होता. १९४० च्या नोटेवर ते वचन नाही. आजही एक रुपयाच्या नोटेवर ते नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सहीही नाही. सही असते ती केंद्र सरकारच्या वित्त सचिवांची. कारण कायद्याच्या दृष्टीने ती नोट नव्हेच. २०११ च्या नाणे कायद्यात तिची गणना नाण्यात केलेली आहे. १९९४ मध्ये तिची छपाई थांबली होती, ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. बाजारात ती क्वचितच मोडीसाठी फिरताना दिसते. लग्नसराईत मात्र कोऱ्या एक रुपयाच्या नोटांची पुडकी लोक शोधत असतात, आहेराच्या पाकिटात पाचशेंवर एक ठेवावयासाठी.